टेलकडून हेडकडे: गावोगावच्या नेटवर्कच्या डब्यांचा इतिहास

नीरा डाव्या कालव्याच्या काठावर वाढलेल्या माणसाला ‘हेड’ आणि ‘टेल’ हे दोन इंग्रजी शब्द शाळेत शिकावे लागत नाहीत. कालवा जिथून निघतो ते हेड, जिथं संपतो ते टेल. १८८५ साली सुरू झालेला हा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूर अशा तीन तालुक्यांतून दीडशे किलोमीटरच्या आसपास वाहतो. त्यामुळे आमच्याकडे बारामतीच्या पुढं जसजसं जावं, तसतसा माणूस स्वतःला टेलचा म्हणवून घेऊ लागतो. दोन तालुक्यांमधल्या कितीतरी भांडणांचं मूळ या दोन शब्दांत सापडतं.

कालव्याचं पाणी वाटण्याची इथली जुनी पद्धत म्हणजे शेजपाळी. शेतकऱ्यानं सात नंबरचा फॉर्म भरायचा, त्यावरून पाळ्या ठरायच्या, आणि आवर्तन सुटलं की पाटकऱ्यानं ती पाळी सांभाळायची. यात कागदावर तरी नियम असा आहे, की भिजवायला सुरुवात टेलकडून करायची आणि हेडकडे सरकत यायचं. हेडच्यानं आधी दार उघडलं तर पाणी खाली पोहोचतच नाही, हा शंभर वर्षांचा अनुभव त्यामागे आहे. नियम किती पाळला जातो, हे टेलच्या माणसालाच विचारावं.

मी पाण्याचं काम करत नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांना इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत मी काम करतो. टॉवरवरचे रेडिओ, खांबावरच्या पेटीतले स्विच, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचे फायबरचे डबे, डेअरीतले राउटर अशी शेकडो यंत्रं आमच्या यादीत आहेत. त्या प्रत्येकात सॉफ्टवेअर असतं आणि ते अधूनमधून बदलावं लागतं. तुमचा फोन ‘अपडेट आलंय, आत्ता करू की रात्री?’ असं निदान विचारतो. भिंतीवरचा डबा कुणालाच विचारत नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी ठरवावं लागतं, आणि एकेका डब्यात शिरून हातानं ते करत बसलं तर महिना जातो. म्हणून स्क्रिप्ट लिहायची. स्क्रिप्ट म्हणजे एका फाइलमध्ये ओळीनं लिहिलेल्या सूचना: यादीतलं पहिलं यंत्र घे, आत शिर, नवं सॉफ्टवेअर चढव, बंद करून चालू कर, जिवंत आहे का बघ, पुढच्याकडे जा.

ही फाइल लिहायला बसलो की पहिला प्रश्न शेजपाळीचाच येतो. आमची एक साखळी बारामतीहून काटेवाडी, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. एका टॉवरचा सिग्नल पुढचा टॉवर उचलतो. मी जर आधी काटेवाडीचं यंत्र बंद-चालू केलं, तर तेवढ्या वेळात पलीकडची सगळी गावं माझ्या हातातून जातात, आणि ते परत उठलंच नाही तर पलीकडे काय चाललंय हे कळायलाही मार्ग राहत नाही. म्हणून सुरुवात इंदापूरकडून, शेवट बारामतीत. हा नियम मला पुस्तकातून समजावून घ्यावा लागला नाही. पण त्याच्यामागचा इतिहास शोधत गेलो तेव्हा दिसलं, की लांबच्या यंत्राला नवी अक्कल कशी द्यायची, या प्रश्नावर माणसं पन्नास वर्षांहून जास्त काळ झुंजत आहेत, आणि प्रत्येक पिढीला तोच एक धडा नव्यानं शिकावा लागला आहे.

शेजाऱ्याकडून उसनं

आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप म्हणजे अर्पानेट. त्यातलं पहिलं यंत्र १९६९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या आवारात बसवलं गेलं. त्याला ‘इम्प’ म्हणत. आकार फ्रिजएवढा, काम आजच्या राउटरचं. केंब्रिजमधल्या बीबीएन नावाच्या कंपनीनं ते बनवलं होतं. सुरुवातीला त्यात प्रोग्रॅम भरायचा तर भोकं पाडलेली कागदी पट्टी यंत्रात घालावी लागे. पट्टी टपालानं यायची, आणि ती घालायला तिथं माणूस लागायचा.

नेटवर्क देशभर पसरू लागलं तशी ही पद्धत झेपेना. दर वेळी डझनावारी ठिकाणी पट्ट्या पाठवायच्या, आणि सगळीकडे एकच आवृत्ती चालते आहे याची खात्री कुणी द्यायची? बीबीएनच्या मंडळींनी मग असं केलं, की एखाद्या इम्पचा प्रोग्रॅम बिघडला तर त्यानं तो शेजारच्या इम्पकडून तारेवरूनच मागून घ्यावा. नवी आवृत्तीही केंब्रिजच्या नियंत्रण केंद्रातून तारेवरूनच पसरायची. घरातलं विरजण संपलं की शेजारून वाटीभर आणावं, तसा हा व्यवहार.

आज आपण ज्याला ‘रिमोट अपडेट’ म्हणतो ते जवळजवळ नेटवर्कइतकंच जुनं आहे, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. पण त्यातच पुढची सगळी चिंताही आलेली होती. ज्या रस्त्यानं नवा प्रोग्रॅम येतो, तो रस्ता चालवणारं यंत्रच आपण बदलत असतो. चालत्या गाडीचं चाक गाडीत बसूनच बदलायचं.

डब्यातून आलेलं सॉफ्टवेअर

आपल्याकडे हा प्रश्न इंटरनेटच्या आधी टेलिफोननं आणला. ऑगस्ट १९८४मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांच्या नावाशी ती कायमची जोडली गेली आहे. छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये असा तिचा करार होता. परदेशी टेलिफोन एक्स्चेंजना थंड, धूळमुक्त खोली लागायची. ती आपल्या खेड्यात कुठून आणायची? सी-डॉटनं एक लहान, १२८ जोडण्यांचं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं, जे एसीशिवाय चालायचं. असं पहिलं एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झालं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीत उभं असलेलं, बॅटऱ्यांवर तगणारं हे कपाट गावोगाव दिसू लागलं. एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्यांमागे अनेक ठिकाणी तेच होतं.

या एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये असे. इंटेलमध्ये काम करणाऱ्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ साली ही चिप शोधली. तिच्या पाठीवर काचेची एक छोटी खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश पंधरा-वीस मिनिटं सोडला, की आतलं सगळं पुसलं जातं आणि नवं लिहिता येतं. चुकून ऊन लागून काही पुसलं जाऊ नये म्हणून खिडकीवर स्टिकर चिकटवलेला असतो.

आमच्या ऑफिसात दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ सल्लागार म्हणून येतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी हे काम केलेलं आहे. नवी आवृत्ती आली की चिपांचा संच काळ्या स्पंजात खोचून जेवणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवायचा आणि एसटी पकडायची. गावात उतरलं की आधी सरपंचांकडून किल्ली मिळवायची. मग एक्स्चेंज बंद करायचं, कार्ड ओढायचं, जुन्या चिपा नाजूक हातानं उपसायच्या, नव्या बसवायच्या. एखादा पाय वाकला तर संपलं. चालू झाल्यावर पहिला फोन पोस्टात, दुसरा दवाखान्यात. जुन्या चिपा मात्र लगेच परत न्यायच्या नाहीत. त्या आठवडाभर तिथल्याच कपाटात ठेवायच्या. नव्या रुसल्या तर जुन्या बसवून गाव चालू करता आलं पाहिजे.

मामांना मी विचारलं, एका गावाला किती वेळ लागायचा? ते म्हणाले, “काम वीस मिनिटांचं. दिवस जायचा.”

मला या गोष्टीत एसटीच्या प्रवासापेक्षा दोन बारीक गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, माणूस निघण्याआधी फोन लागतोय का हे तो स्वतः कानाला लावून बघत होता. दोन, परत फिरण्याची सोय तो मागे ठेवून येत होता. पुढं माणसाचा प्रवास वाचला, तेव्हा या दोन्ही गोष्टी कुणीतरी मुद्दाम ओळींत लिहायला हव्या होत्या. बरीच वर्षं त्या लिहिल्या गेल्या नाहीत.

पाचशे बारा अक्षरांची बादली

१९८१ साली टीएफटीपी नावाची एक अगदी साधी पद्धत ठरली. तिचा मसुदा कॅरन सॉलिन्स यांनी लिहिला. फाइल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पाठवायची, बस्स. नाव नाही, पासवर्ड नाही. फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करायचे, एक तुकडा द्यायचा, ‘मिळाला’ असं उत्तर आलं की पुढचा. विहिरीतून बादलीनं हौद भरावा तसं. ती इतकी साधी ठेवली याला कारण होतं. यंत्राच्या आतल्या चिमूटभर, कायमस्वरूपी मेमरीत ती मावली पाहिजे होती. यंत्रात दुसरं काहीच शिल्लक नसलं तरी त्याला एवढं मागता यावं.

त्याच दशकात तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी शोधली, आणि चिप उपसण्याची गरज संपली. नव्वदच्या दशकात राउटरमध्ये फ्लॅश आली. आता पुण्यात बसून इंदापूरच्या यंत्राला ‘ही फाइल घे आणि फ्लॅशमध्ये लिही’ असं सांगता येऊ लागलं. आजही हजारो तंत्रज्ञांची बोटं झोपेत टाइप करतील अशी ती आज्ञा आहे.

टीएफटीपीच्या साधेपणाची किंमत पुढं मोजावी लागली. तुकड्याचा क्रमांक लिहायला तिच्यात सोळा बिटांचीच जागा आहे. म्हणजे ६५,५३५ तुकडे झाले की आकडे संपतात. गुणाकार केला तर साधारण ३२ एमबी. १९८१ साली कुणाला वाटलं असतं की एका राउटरचं सॉफ्टवेअर याहून मोठं होईल? ते झालं, आणि मग मोठी फाइल अर्ध्यावर थांबण्याचे प्रकार सुरू झाले. पद्धतीत नंतर सुधारणा झाल्या. पण यंत्र जुनं असेल तर त्याला सुधारणा कशी ठाऊक असणार? ती समजण्यासाठी आधी त्याचं सॉफ्टवेअर बदलावं लागणार!

अर्धवट फाइलचा धोका टाळायला जे करतात त्याला आपल्या गणितात फार सुंदर शब्द आहे: ताळा. पाठवणाऱ्यानं पूर्ण फाइलचा एक ठरावीक हिशेब करून आकडा काढायचा. घेणाऱ्यानंही तोच हिशेब करायचा. दोन्ही आकडे जुळले तरच पुढं जायचं. एमडी-५ नावाची असा ताळा काढायची रीत १९९२ साली प्रसिद्ध झाली. आता तिच्याहून भक्कम रीती आल्या आहेत, पण कल्पना तीच. तालुक्याच्या बँकेतला जुना कॅशियर संध्याकाळी ताळा जुळल्याशिवाय घरी जात नसे. स्क्रिप्टमध्येही ही ओळ नसेल तर पुढच्या ओळी लिहू नयेत.

यंत्राशी बोलायचं कसं

फाइल पाठवता आली, तरी आज्ञा देणारा माणूस पडद्यासमोर बसलेलाच होता. त्याला उठवलं स्क्रिप्टनं. ही गोष्ट सुरू होते सत्तरच्या दशकात, बेल लॅब्जमध्ये. युनिक्सवर चालणारे संगणक रात्री एकमेकांना फोन करून फाइली देत-घेत. त्या व्यवस्थेचं नाव यूयूसीपी. समोरचा संगणक ‘लॉगिन’ असं विचारील, तेव्हा नाव सांग. ‘पासवर्ड’ विचारील, तेव्हा पासवर्ड सांग, अशी ‘वाट बघ–उत्तर दे’ची जोडी एका ओळीत लिहून ठेवलेली असे. गंमत म्हणजे जाणकार लोक ‘लॉगिन’ या शब्दातलं पहिलं अक्षर गाळून उरलेल्याचीच वाट बघायला सांगत. फोनच्या लाइनवर पहिलं अक्षर कधी हरवायचं, कधी ते मोठ्या लिपीत यायचं, कधी छोट्या. समोरचा नेमकं काय म्हणेल याचा भरवसा धरू नये, हे शहाणपण या गाळलेल्या अक्षरात आहे.

१९९० साली अमेरिकेच्या मानक संस्थेतले डॉन लिब्ज यांनी ‘एक्स्पेक्ट’ नावाचं साधन प्रसिद्ध केलं. नावातच त्याचं काम आहे: अपेक्षा करणं. माणूस पडद्यावर जे वाचून टाइप करतो, ते सगळं त्याच्याऐवजी हे करू लागलं. नेटवर्कची कामं करणाऱ्यांना हे वरदान ठरलं, कारण राउटर हे माणसांशी गप्पा मारण्यासाठी बनलेले होते. ‘खरंच करू का? हो किंवा नाही?’ असं ते विचारत राहायचे. आता ‘हो’ म्हणायला स्क्रिप्ट होती.

इथं एक फरक झाला, आणि तो मला फार मोठा वाटतो. यंत्र ‘खरंच करू का?’ असं विचारायचं ते माणसानं क्षणभर थांबावं म्हणून. स्क्रिप्ट थांबत नाही. तिला जे उत्तर शिकवलंय ते ती शंभर यंत्रांना शंभर वेळा देते. त्यामुळे थांबण्याची अक्कल आधीच, फाइल लिहितानाच, तिच्यात घालावी लागते.

पुढं एसएसएच आलं. फिनलंडमधल्या ताटू युलोनेन यांनी विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर १९९५ साली ते लिहिलं, आणि यंत्राशी होणारं बोलणं कुलूपबंद झालं. पायथन भाषा आली, २०१२ साली ॲन्सिबल आलं. आज मी जी फाइल लिहितो ती एक्स्पेक्टच्या मानानं पुष्कळ देखणी दिसते. पण मराठीत मांडली तर ती एवढीच आहे:

यादी उलटी धर. टेलचं गाव आधी.
तिथं पोहोचता येतंय का? नसेल तर नाव लिहून ठेव, पुढं जा.
मॉडेल तेच आहे ना? नसेल तर हात लावू नकोस.
वीज आहे की बॅटरीवर चाललंय? बॅटरीवर असेल तर सोड.
जुनी मांडणी उतरवून घे.
नवी फाइल पाठव. ताळा घे. जुळला नाही तर थांब.
बंद-चालू कर. पाच मिनिटं वाट बघ.
उठलं का? आवृत्ती बदलली का? त्याच्या पलीकडचा ग्राहक दिसतोय का?
एकही उत्तर ‘नाही’ असेल तर सगळं थांबव आणि मला उठव.

यातली नवं सॉफ्टवेअर चढवणारी ओळ एकच आहे. बाकीच्या सगळ्या ओळी म्हणजे किल्ली मिळवणारे, पोस्टात फोन लावून बघणारे मामा आहेत.

एका डब्यात दोन खोल्या

ऑक्टोबर २०११मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरनं जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढं भारतनेट झाली. त्यात वापरलेल्या जीपॉन तंत्राची रचना कालव्यासारखीच फाटे फुटणारी आहे. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये एक मोठं यंत्र, त्यातून निघणारी एक फायबर, वाटेत ती फोडणारे काचेचे फाटे, आणि शेवटी प्रत्येक पंचायतीत एक छोटा डबा. आमच्यासारख्या खासगी कंपन्याही घराघरांत हेच तंत्र वापरतात.

या डब्यासाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात मला मामांचं कपाट सापडलं. मानक म्हणतं, की डब्यात सॉफ्टवेअरच्या दोन प्रती ठेवायला दोन जागा असाव्यात. एकीत चालू प्रत, दुसरीत नवी. नवी आधी फक्त ‘चालवून बघायची’. ती नीट चालली तर वरच्या यंत्रानं तिला ‘पक्की’ करायचं. पक्की होण्याआधी डबा बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर तो आपोआप जुन्या प्रतीवर उठतो. मोठ्या राउटरांतही असंच काही असतं. ‘दहा मिनिटांत मी ठीक आहे असं म्हटलं नाही, तर सगळं पूर्ववत कर’ अशी आज्ञा देऊन मगच बदल करता येतो. विहिरीत उतरणारा कमरेला दोर बांधून वरच्याला सांगतो, हाक आली नाही तर ओढून घे. तसं हे.

पण स्वस्त डब्यांत पुष्कळदा एकच खोली असते. लिहीत असताना वीज गेली की डबा डेड. मग कुणालातरी मोटारसायकलला किक मारून जावंच लागतं.

न बदलण्याची किंमत

एवढी जोखीम असेल तर चालतंय ते चालू द्यावं, असं कुणीही म्हणेल. मलाही ग्राहक हेच म्हणतात. त्यांना मी दोन घटना सांगतो.

नोव्हेंबर २०१६च्या अखेरीस जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं. घरातले राउटर लांबून सांभाळता यावेत म्हणून २००४ साली एक पद्धत ठरली होती. तिच्यासाठी उघड्या ठेवलेल्या दारावर कुणीतरी धडका मारल्या होत्या. कंपनीला घाईनं नवं सॉफ्टवेअर द्यावं लागलं. जुलै २०१७मध्ये तशीच पाळी आपल्यावर आली. बीएसएनएलचे हजारो मोडेम एका हल्ल्यात निकामी झाले. त्यांतल्या पुष्कळांचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता: ॲडमिन. मालकानं तो कधी बदललाच नव्हता, आणि बदलायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

दोन्हीकडे दोष जुन्याचा होता. भिंतीवरचा डबा जितका जुना, तितकी त्याची कुलपं जगाला माहीत. त्यामुळे आमच्या धंद्यात ‘हात न लावणं’ हा सुरक्षित पर्याय कधीच नसतो.

सहावा टप्पा

आणि हात लावला तर? ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीचं जाळं पहाटे बसलं ते दिवसभराहून जास्त काळ. एक कोटी वीस लाखांहून अधिक लोकांचा फोन, इंटरनेट गेला. कार्डानं पैसे भरणं थांबलं, कित्येकांना आपत्कालीन क्रमांकही लागेना. मूळ जाळ्याच्या सुधारणेचं काम सात टप्प्यांत चाललं होतं. सहाव्या टप्प्यात एका यंत्रातली गाळणी काढली गेली, आणि मुख्य राउटरांवर रस्त्यांच्या माहितीचा लोंढा आला.

या घटनेच्या चौकशीतले दोन तपशील मी विसरू शकत नाही. आधीचे पाच टप्पे सुरळीत गेले म्हणून पुढच्या कामाची जोखीम ‘जास्त’वरून ‘कमी’ अशी उतरवली गेली होती. आणि यंत्रं सांभाळण्याचा त्यांचा स्वतःचा रस्ता त्याच जाळ्यातून जात होता. जाळं बसल्यावर इंजिनिअरांना यंत्रांपर्यंत पोहोचता येईना. एकमेकांना फोनही लावता येईना, कारण सिमकार्डंही त्याच कंपनीची. आपण ज्या फांदीवर बसलोय तिच्यावर कुऱ्हाड चालवू नये, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. पण नेटवर्कमध्ये आपण नेमके कुठल्या फांदीवर बसलोय, हे शोधायला नकाशा लागतो.

म्हणून आमच्या मोठ्या टॉवरवर दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला एक स्वस्त मोडेम मी लावून घेतला. खर्च कशाला, असं वर विचारलं गेलं. मी कॅनडाची गोष्ट सांगितली.

शेवटचा रकाना

इतिहासातून नियम मिळतात, वेळ मात्र जागेवरून ठरवावी लागते. या क्षेत्रातली सगळी पुस्तकं म्हणतात, अपडेट रात्री दोन ते चारमध्ये करा, तेव्हा लोक झोपलेले असतात. हे पुस्तक शहरातल्या ऑफिसात लिहिलं गेलंय. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज वीज कितीतरी वेळा रात्रीचीच असते, आणि माणसं बॅटरी घेऊन दारं धरायला गेलेली असतात. गळीत हंगामात कारखान्याचा काटा चोवीस तास चालू असतो. रात्री दोनला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग उभी असताना काट्यावरचा संगणक दहा मिनिटं बंद पडला, तर ती रांग रस्त्यावर येते. दूध संकलन पहाटे आणि संध्याकाळी. पंचायतीतल्या सेवा केंद्रात दुपारी दाखल्यांची, पेन्शनची, पीकविम्याची गर्दी. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी तर रात्री बारापर्यंत मुलं बसलेली.

म्हणून माझ्या यादीत गावाचं नाव, पत्ता, मॉडेल या रकान्यांच्या पुढं एक रकाना आहे. त्याचं नाव ‘कधी नको’. तो भरायला गावोगाव फोन केले. डेअरीच्या चेअरमनांनी वेळा सांगितल्या, काट्यावरच्या क्लार्कनं हंगामाच्या तारखा सांगितल्या. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या गावांपुढं आषाढीच्या आधीचे दिवस लिहिले आहेत. तुकोबांची पालखी याच रस्त्यानं जाते. बेलवाडीला गोल रिंगण लागतं तेव्हा त्या माळावर जितके वारकरी असतात, तितके फोनही असतात, आणि त्यांतल्या अनेकांना घरी एकदा तो सोहळा दाखवायचा असतो. स्क्रिप्ट कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी हा रकाना वाचते.

नव्यानं कामाला लागलेली मुलं आता ही फाइल एआयकडून लिहून घेतात. मिनिटात येते, आणि पुष्कळदा माझ्याहून नीटनेटकी असते. ताळ्याची ओळ असते, परत फिरण्याची सोय असते. मी त्यांना एवढंच सांगतो, की ती चालवण्याआधी यादीतल्या पहिल्या पाच गावांत एकदा जाऊन या. डबा कुठल्या भिंतीवर आहे, त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, तो बंद पडला तर पहिल्यांदा कुणाचं काम अडेल, हे बघून या. आणि आल्यावर शेवटचा रकाना भरा. तो रिकामा असेल तर माझी स्क्रिप्ट त्या गावाला हात लावत नाही.